सोमवारचं पाणी

शाळेतली सहाशे पोरं त्याला बाटलीकाका म्हणायची, बायको 'अहो' म्हणायची, धाकटा भाऊ 'दादा' म्हणायचा आणि लेक 'बाबा'. यातली पहिली तीन नावं कुणी काढून घेतली असती तर त्याने खांदे उडवले असते आणि गाडी सुरू केली असती. चौथ्या नावावर मात्र कुणी डोळा ठेवलाय असं नुसतं वाटलं, तरी त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि डोळा ठेवणारा कोण, तर सख्खा धाकटा भाऊ!

तसा माणूस वाईट नव्हता हो. बारा वर्षं तो पाण्याच्या कंपनीची गाडी चालवत होता. अर्ध्या लिटरच्या चोवीस बाटल्यांचा एक गठ्ठा, असे दोन गठ्ठे एका खांद्यावर टाकून तीन जिने चढायचा आणि वर पोचल्यावर एखाद्या पोराच्या टपलीत मारायलाही त्याच्याकडे दम शिल्लक असायचा. सकाळी साडेसहाला शिपाईमामा शाळेचं मागचं फाटक उघडायचे आणि गाडी आत यायची. कुठल्या वर्गाला किती बाटल्या लागतात, कुठल्या बाईंना थंड चालत नाही, कुठला पोरगा अर्धी पिऊन अर्धी दुसऱ्याच्या मानेवर ओततो, सगळं त्याला तोंडपाठ होतं. "माझ्यावाचून ही शाळा कोरडी पडेल," असं तो बायकोला सांगायचा. बायको "हो ना," म्हणून भांडी घासायला लागायची.

त्याची लेक याच शाळेत सहावीत होती. एका जागी ठरत नसे म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. दुपारी शाळा सुटली की भिंगरी पळत यायची आणि गाडीत पुढच्या सीटवर चढून बसायची. तो मागून एक बाटली काढून द्यायचा. झाकण फिरवण्याचा मान तिचा. ते 'कट्ट' करून सुटलं की ती बरोब्बर निम्मी प्यायची, बाटली डोळ्यांसमोर धरून निम्मी झाली का ते बघायची आणि उरलेली बापाला द्यायची. पहिलीपासून हा नेम कधी चुकला नव्हता. दिवसभरात हजार बाटल्या वाहणाऱ्या माणसाला पाण्याची खरी चव त्या एका अर्ध्या बाटलीलाच लागायची.

आता धाकट्याचं सांगते. तो शहराच्या पाणीखात्यात पाणी तपासायच्या कामावर होता. खांद्याला एक पेटी, पेटीत छोट्या काचेच्या बाटल्या आणि गळ्यात ओळखपत्राचा पट्टा. गल्लोगल्ली फिरायचं, नळ सोडायचे, नमुने घ्यायचे, चिठ्ठ्या चिकटवायच्या. पंधरा वर्षं त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. थोरला तर त्याची येताजाता खेचायचा. "काय डॉक्टर, आज किती नळांची नाडी बघितली?" धाकटा हसायचा. त्याचं ते हसणं तेव्हा थोरल्याला गरीब वाटायचं. नंतर नंतर त्याच हसण्यात त्याला मिजास दिसायला लागली. हसणं तेच होतं बरं का, बदलला होता तो बघणारा!

झालं असं की विज्ञानाच्या बाईंनी मुलांना एक प्रश्न दिला. आपण पितो ते पाणी कुठून येतं? भिंगरीने आधी बापालाच विचारलं, हे लक्षात ठेवा, कारण तो स्वतः पुढे ते विसरला.

"कंपनीतून येतं," तो म्हणाला.

"कंपनीत कुठून येतं?"

"कंपनीत म्हणजे... कंपनीतच असतं ते."

"पण कुठून?"

"अगं, मी गाडी चालवतो, विहीर नाही खणत!"

मग ती काकाकडे गेली. काकाने तिला रविवारी आपल्या प्रयोगशाळेत नेलं. पाण्याचे भले मोठे हौद दाखवले, वाळूतून पाणी कसं गाळतात ते दाखवलं आणि एका नळीत नळाचं पाणी घेऊन त्यात एक गोळी टाकायला दिली. पाणी गुलाबी झालं. "गुलाबी झालं म्हणजे त्यात जंतू मारणारं औषध आहे, खुशाल प्यावं," काका म्हणाला. झालं! त्या गुलाबी रंगावर पोरगी भाळली ती भाळलीच.

त्या दिवसापासून घरात जेवताना 'काका म्हणाला' सुरू झालं. काका म्हणाला, कंपनी बाटलीत भरते ते पाणीही दुसऱ्या गावच्या नळाचंच असतं, फक्त आणखी एकदा गाळलेलं. काका म्हणाला, ते साठ किलोमीटर डिझेल जाळत आपल्याकडे येतं, आणि इथे आपल्या घरात नळ आहेच. काका म्हणाला, बाटलीतलं पाणी संपायला चार मिनिटं लागतात आणि बाटली मात्र आपण सगळे मेल्यावरही तशीच राहते.

"जेवताना मरणाच्या गोष्टी काढू नकोस," तो म्हणाला.

"पण भाऊजी म्हणतात ते खरं आहे हो," बायको म्हणाली. म्हणजे तीही फितूर! दुसऱ्याच दिवशी तिने ओट्यावरचे बाटल्यांचे गठ्ठे पलंगाखाली सारले आणि नळाखाली भांडं लावलं. धाकटा घरी आला की आता चांगले कप निघायला लागले. उशी लावलेली खुर्ची इतकी वर्षं थोरल्याची होती. एका संध्याकाळी तो हातपाय धुऊन बाहेर आला, तर खुर्चीत धाकटा आणि खुर्चीच्या हातावर भिंगरी. दोघांची डोकी एका वहीत. "बस ना दादा," धाकटा म्हणाला. स्वतःच्या घरात त्याला बस म्हणे! तो स्टुलावर बसला.

हे सगळं त्याने गिळलं असतं एक वेळ. पण त्याच आठवड्यात भिंगरीने दप्तरात स्टीलची बाटली घातली. दुपारी गाडीत चढली, त्याने नेहमीसारखी बाटली पुढे केली, तर म्हणते कशी, "नको बाबा, माझं आहे." आणि आपली बाटली उघडून प्यायली. 'कट्ट' नाही, निम्मी नाही, काही नाही. हातातल्या बाटलीचं करायचं काय तेच त्याला कळेना. शेवटी ती तशीच मागे ठेवली आणि चुकीचा गिअर टाकून गाडी बंद पाडली.

इकडे शाळेत त्याहून मोठं प्रकरण शिजत होतं. विज्ञानाच्या बाईंनी मैदानाच्या कोपऱ्यात, एका वर्गाच्या खिडकीला लागून, जाळीचा एक पिंजरा उभा केला. आठवडाभराच्या सगळ्या रिकाम्या बाटल्या त्यात टाकायच्या, बाकी काही करायचं नाही, नुसतं बघायचं. बुधवारी ढीग पोरांच्या कमरेला लागला. शुक्रवारी तळमजल्याच्या खिडकीपर्यंत आला आणि आतल्या वर्गात अंधार झाला. प्रत्येक बाटलीवर त्याच्या कंपनीची निळी चिठ्ठी. पोरं म्हणायला लागली, "बाटलीकाकांचा डोंगर!" खिदळत म्हणायची, त्यांच्या मनात काही नव्हतं. त्याच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. कारण या डोंगराचे थोरले भाऊ त्याने पाहिले होते. बसडेपोमागच्या ओढ्यावर कचऱ्याच्या गाड्या खाली व्हायच्या. तिथे ओढा बाटल्यांनी इतका भरला होता की पाणी कुठून वाहतं ते दिसायचं नाही, आणि कुणीतरी त्या पेटवल्या की डोळे चुरचुरायचे. त्याची गाडी रोज तिथून जायची आणि तो रोज काच वर करायचा. म्हणजे माहीत त्याला सगळं होतं. पण आपल्याला माहीत असणं वेगळं आणि धाकट्याने येऊन सांगणं वेगळं.

मग शाळेने ठरवलं की बाटल्या बंद. प्लंबर आला, त्याने तळमजल्यावर सहा नवे नळ बसवले. धाकट्याने पाणी तपासून ते चांगलं असल्याचा कागद दिला. सोमवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर पहिला ग्लास भरायचा ठरला. मुलांचं एक पाणीपथक झालं आणि त्याची प्रमुख भिंगरी. छातीवर थेंबाचं चित्र असलेला निळा बिल्ला लावून घरी आली ती रात्री झोपतानाही काढायला तयार होईना. आणि प्रमुख पाहुणा कोण? धाकटा! तो येणार पुढच्या फाटकातून, त्याला खुर्ची, त्याला माइक. बारा वर्षं खांद्याची सालं काढून घेतली थोरल्याने, आणि पुढचं फाटक आतून कसं दिसतं हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं.

आता बाटलीच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, ती या लोकांनाच माहीत असते. सोमवार हा त्यांचा लाडका वार. कचेऱ्या, शाळा दोन दिवस बंद असतात, तेवढ्यात जुन्या लोखंडी पाइपात पाणी अडकून बसतं आणि गंज धरतं. सोमवारी सकाळी नळ सोडला की पहिलं पाणी तांबडंलाल येतं. लोक "शी!" करतात आणि दोन गठ्ठे जास्त मागवतात. पाच मिनिटं नळ सोडून ठेवला तर पाणी स्वच्छ होतं, पण हे कुणाला सांगायचं नाही. सांगू नका असं कंपनीने कधी म्हटलं नव्हतं. तशी वेळच आली नाही, सगळे आपोआप गप्प बसायचे.

धाकट्याला हे ठाऊक असणारच. रविवारी संध्याकाळी भिंगरी बापाजवळ आली. "बाबा, काका म्हणाला, नळ नवे असले तरी टाकीपासूनचा पाइप जुनाच आहे. सकाळी सहाही नळ पाच मिनिटं सोडायचे. काकाला दुसरीकडून यायचंय, त्याला वेळ होणार. मी बाईंना सांगितलंय, ही जबाबदारी माझी. आणि शाळेत सगळ्यांच्या आधी तूच जातोस ना?"

"शिपाईमामांना सांग की."

"ते विसरतात. तू नाही विसरत."

हे ऐकून त्याला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. "सोडतो," तो म्हणाला.

"खाली बादल्या ठेवल्यात मी. ते पाणी झाडांना घालायचंय, वाया नाही घालवायचं."

"हेही काका म्हणाला का?"

"नाही, हे मी," ती म्हणाली आणि भिरभिरत निघून गेली.

सोमवारी साडेसहाला तो शाळेत आला. सहा नळांखाली सहा बादल्या ओळीने मांडल्या होत्या. त्याने पहिल्या नळावर हात ठेवला. अगदी खरं सांगते, सोडणारच होता. पण नळांच्या शेजारी भिंतीला फळा लावला होता. त्यावर रंगीत खडूंनी थेंब काढले होते आणि खाली भिंगरीच्या अक्षरात लिहिलं होतं : 'प्रमुख पाहुणे, माझे काका.'

माझे! नुसतं 'पाणीखात्यातले अधिकारी' लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? त्याने ती ओळ दोनदा वाचली. मग नळावरचा हात काढला, पँटला पुसला आणि गठ्ठे उतरवायला गेला. शेवटचे आठ गठ्ठे होते.

पावणेआठला भिंगरी धापा टाकत गाडीपाशी आली. "बाबा, सोडले ना नळ?"

"हो."

"पाच मिनिटं?"

"पाच काय, सहा!"

ती हसली आणि पळाली. ते सहावं मिनिट कशाला लावलं, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

त्याला पुढे तीन कचेऱ्यांना माल द्यायचा होता. पण तो गेला नाही. रिकामी खोकी आवरायच्या निमित्ताने जिन्याशी रेंगाळला. प्रार्थना झाली. मुख्याध्यापिका बोलल्या, विज्ञानाच्या बाई बोलल्या, धाकटा बोलला, टाळ्या पडल्या. धाकटा माइकवरून म्हणाला, "नळ सकाळी सोडून ठेवले होते ना, भिंगरी?" आणि ती छाती काढून म्हणाली, "हो काका, सहा मिनिटं!"

मग तिने काचेचा ग्लास नळाखाली धरला आणि नळ फिरवला.

नळ आधी खाकरला, मग पाणी आलं. तांबडं. ग्लास भरत गेला तसा तो रंग शेवटच्या रांगेपर्यंत दिसला. सहाशे पोरांनी एकदम "शीऽऽ!" केलं. कुणीतरी ओरडलं, "गटाराचं आहे!" हसण्याचा नुसता कल्लोळ उठला. मुख्याध्यापिकांचा चेहरा पडला. धाकटा माइक हातात धरून तोंडात मारल्यासारखा उभा राहिला.

आणि जिन्याशी उभ्या असलेल्या माणसाला आनंद झाला. हो, झाला! घे, बस आता खुर्चीत, असं तो मनात म्हणाला. तो आनंद किती टिकला म्हणाल, तर भिंगरीने मान वळवून त्याच्याकडे बघेपर्यंत. तिने एकदाच पाहिलं. रागावून नाही. हिशोब चुकल्यावर माणूस वही परत बघतो तसं पाहिलं. मग तिने ग्लास खाली ठेवला आणि काकाच्या हातातला माइक घेतला.

"चूक काकांची नाही," ती म्हणाली. "नळ सोडायचं काम माझं होतं. मी विसरले. आणि आत्ता हो म्हणाले ते खोटं होतं."



"तुझ्यावर विश्वास टाकला होता आम्ही," मुख्याध्यापिका म्हणाल्या. माइक चालूच होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "बिल्ला दे इकडे." पोरं परत हसली. भिंगरीची बोटं बिल्ल्याच्या पिनेवर अडखळायला लागली, पिन काही निघेना. ती रडत नव्हती. तेच त्याला बघवलं नाही.

"ओ बाई!"

सगळी डोकी वळली. मैदानात इतकी मोठी हाक त्याने बारा वर्षांत मारली नव्हती. खोकी टाकून तो पुढे आला. "बिल्ला नका काढू. ती विसरली नाही. तिने मला सांगितलं होतं. मी नळ सोडले नाहीत, आणि तिला सोडले म्हणून सांगितलं."

मुख्याध्यापिका तशा मनाच्या चांगल्या. त्यांनी त्याला वाट करून दिली. "असू दे हो, बाटलीकाका. कामाच्या गडबडीत विसरला असाल."

किती सोपं होतं! नुसती मान हलवायची होती. धाकटा बघत होता. भिंगरी पिनेवरचा हात तसाच ठेवून बघत होती.

"नाही," तो म्हणाला. "विसरलो नाही. लक्षात होतं."

धाकट्याने पुढे होऊन सहाही नळ सोडले. बादल्या तांबड्या पाण्याने भरायला लागल्या. तिसऱ्या मिनिटाला पाणी निवळलं. धाकट्याने नळीत गोळी टाकली, पाणी गुलाबी झालं, पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि कार्यक्रम ठरल्यासारखा पार पडला. बिल्ला भिंगरीच्या छातीवरच राहिला, पण ती तो सारखा चाचपत होती.

नंतर तो रिकामी खोकी गाडीत भरत होता तेव्हा धाकटा मागच्या फाटकाशी आला. आता हा काय बोलतो म्हणून याने दात आवळले. धाकट्याने खोक्याचं दुसरं टोक धरलं. भांडला असता तर किती बरं झालं असतं! आठ खोकी दोघांनी मिळून चढवली.

दुपारी भिंगरी पुढच्या सीटवर येऊन बसली. समोरच्या काचेतून बघतच तिने विचारलं.

"तुला कुणाचा राग आला होता, बाबा? माझा?"

"काकाचा."

"काकाने काय केलं?"

त्याने खूप शोधलं. खुर्ची आठवली, चांगले कप आठवले, फळ्यावरची ओळ आठवली. "काही नाही," तो म्हणाला.

"मग?"

"तू सारखी त्याचं नाव घेतेस. मला जळायला होतं."

ती स्टीलची बाटली उघडून प्यायली, आणि झाकण लावून दप्तरात ठेवली.

आता शाळेत बाटल्या जात नाहीत. जाळीचा पिंजरा काढून तिथे भिंगरीच्या पथकाने झाडं लावलीत. कंपनीने त्याला दुसऱ्या भागातल्या कचेऱ्या दिल्या. शाळा आता त्याच्या वाटेवर नाही, तरी साडेसहाला गाडी मागच्या फाटकाशी थांबते. तो सहा नळ सोडतो, घड्याळ लावून पाच मिनिटं उभा राहतो, बादल्या झाडांना घालतो आणि भिंगरी येऊन गेली की मग आपल्या कामाला जातो. सोमवारी दहा मिनिटं. एवढ्यात तर धंद्याचा नियम मोडून कचेरीतल्या लोकांनाही सांगायला लागलाय, "अहो, जरा सोडून ठेवा, निवळतं ते."

भिंगरी पावणेआठला येते. "सोडले ना, बाबा?" ती विचारते. तो "हो," म्हणतो. मग ती पहिल्या नळाखाली काचेचा ग्लास धरते, भरते, खिडकीच्या उजेडात नेऊन नीट बघते आणि मगच पिते. निम्मा पिऊन उरलेला त्याला देते. तेवढं तिने परत सुरू केलंय.

पण परवा धाकटा नमुने घ्यायला शाळेत आला होता. त्याने ग्लास भरून तिच्या हातात दिला, आणि तिने तो उजेडात न धरताच तोंडाला लावला. बापाने ते पाहिलं. त्याला झोंबलं. आणि या वेळी त्याला बोलायला तोंडच नव्हतं. तो गेला आणि दुसऱ्या नळाखालची भरलेली बादली उचलून झाडांना घालायला लागला.